ऑकलंडमधली ईर्षा

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमचे फोटो इथे माझ्या मोबाइलवर येऊन पडतात. मग एखाद्या सामन्यात समर्थक भिडतात आणि कुणीतरी लिहितं, "बंदच करा हा फुटबॉल!" पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा... तालमी-मंडळांचे हे संघ. पेठांच्या या ईर्षेत मी वाढलो. ती मागणी वाचली की पोटात तुटतं.

मी राहतो दक्षिण ऑकलंडमध्ये, मांगेरेला. शेजारच्या घरात नवरा सामोअन, बायको टोंगन. पॅसिफिक महासागरातल्या या दोन्ही बेट-देशांचे झेंडे लाल. एकाच्या कोपऱ्यात निळ्यावर तारे, दुसऱ्याच्या पांढऱ्यावर लाल क्रूस. अळूची पानं आणि नारळाचं दूध दोघांच्याही स्वयंपाकात. तो पालुसामी म्हणतो, ती लू म्हणते, आणि खरी चव कुणाची यावरून ताट रिकामं होईपर्यंत वाद.

2022 च्या रग्बी लीग विश्वचषकात, उपांत्यपूर्व फेरीत, सामोआनं टोंगाला 20-18 असं हरवलं. सामना इंग्लंडात, वॉरिंग्टनला. सोमवारी सकाळी बाहेर आलो तर शेजारी गाडीच्या बॉनेटवर सामोआचा झेंडा ताणून बसवत होता आणि दुसरं टोक तिनं धरलं होतं. अंगात टोंगाचा लाल टी-शर्ट, डोळे रडून सुजलेले. "आता पुढे हरलात तर घरात घेणार नाही," असं त्याला बजावत ती गाठ मारत होती. उपांत्य सामन्यात सामोआनं इंग्लंडला 27-26 असं हरवलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा तीच ओरडली. अंतिम सामना ऑस्ट्रेलियानं जिंकला. घरात मात्र घेतलं त्याला.

इथेही सगळं गोडीगुलाबीचं नाही. 2017 मध्ये ओटाहुहूच्या रस्त्यांवर दोन्हीकडचे समर्थक भिडले होते, पोलिसांनी धरपकड केली होती. तेव्हा समाजातली वडीलधारी मंडळी पुढे आली आणि आपापल्या पोरांना समजावू लागली.

या ईर्षेचं मूळ फार जुनं. सामोआत परंपरेनं सांगतात की काही शतकं तिथे टोंगाची सत्ता होती. तुना आणि फाता या भावांनी उठाव करून ती उलथली. परत निघालेला टोंगाचा राजा होडीतून म्हणाला, "मालिए तोआ, मालिए ताउ." शाब्बास वीरांनो, छान लढलात! त्यातूनच मालिएतोआ ही पदवी आली, आणि सामोआतल्या सगळ्यात मानाच्या पदव्यांत ती आजही मोडते. हरलेल्यानं दिलेली शाबासकी जिंकलेल्यांनी पिढ्यान् पिढ्या नावापुढे मिरवली.

सामने बंद करून पेठांतली ईर्षा मरणार नाही, ती मैदानातून गल्लीत उतरेल. तालमींतल्या जुन्या खेळाडूंचा, वस्तादांचा शब्द अजून चालतो. त्यांनी पोरांसोबत गॅलरीत बसावं. आणि हरलेल्या मंडळाच्या चार जणांनी जिंकलेल्यांच्या दारात जाऊन गुलाल लावावा. पुढच्या हंगामात मी गावी येतोय. आमची तालीम हरली तर गुलालाची पुडी माझ्या खिशात असेल.