गिऱ्हाईक फोन करत नाही, ते दुसऱ्या बागवाल्याकडे जातं

आंबा विक्रेते, होमस्टेवाले, पतसंस्थांचे कर्मचारी अशा कोकणातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सर्व्हर मॉनिटरिंग (साइट चालवणाऱ्या यंत्रावर सतत लक्ष ठेवून बिघाड कळवणारी व्यवस्था) हे मोठ्या कंपन्यांचं काम, छोट्या धंद्याने त्यात पैसा आणि वेळ घालवू नये. साइट बंद पडली तर गिऱ्हाईक सांगतंच. सर्व्हर क्लाउडवर असेल तर कंपनी बघते. साइट उघडते म्हणजे सगळं ठीक आहे. बॅकअप आहे, मग भ्यायचं कशाला? कोकणात लाईट आणि नेटच टिकत नाही, तिथे मॉनिटरिंग लावून करणार काय? आणि वर अलर्टच्या मेसेजांनी रात्रीची झोप जाते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या धंद्यांचे सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून काही जण लावलेलं मॉनिटरिंगही काढायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे नाहीत.

“बंद पडलं तर गिऱ्हाईक सांगतंच.”

फोन कोण करतं ते आधी बघा. पुण्यातला माणूस एप्रिलच्या संध्याकाळी हापूसच्या चार साइट उघडतो. तुमची उघडली नाही तर तो तुमचा नंबर शोधत बसत नाही, दुसऱ्या बागवाल्याकडे पेटी मागवून मोकळा होतो. फोन येतो तो ज्याचे पैसे अडकलेत त्याचा.

मालवणच्या एका होमस्टेवाल्या काकांचा मला असाच फोन आला: “अरे, पाव्हण्याचे पैशे गेले, पण बुकिंगचो मेसेज येवक नाय.” साइट चालू होती. पहिलं पान कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतीतून, येत होतं, खोल्यांचे फोटो दिसत होते, पैसे भरायचं पानही उघडत होतं. बिघाड त्याच्या पुढे होता. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, आपल्या सर्व्हरला तसा निरोप पाठवतो, म्हणजे वेबहुक. तो निरोप घेणाऱ्या कोडला डेटाबेसमध्ये नोंद करता येत नव्हती, म्हणून तो दरवेळी ५०० नंबरची एरर परत देत होता. गेटवे काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मग सोडून देतो. फोन एकाच पाहुण्याने केला होता. त्याच्यासारखे आणखी किती जण अडकलेत, ते लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, चाळल्यावर कळलं.

इथे “साइट उघडते का” हे तपासणारं मॉनिटरिंगसुद्धा गप्पच राहिलं असतं. तपासायला हवं ते असं: गेटवेकडे यशस्वी झालेले व्यवहार आणि आपल्या टेबलमधल्या नोंदी जुळतात का? दर दहा मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट हे करू शकते. दुसरी तपासणी त्याहून सोपी. ऐन हंगामात भर दुपारी दोन तास एकही ऑर्डर आली नाही, तर कळव. सीपीयू, मेमरी हे सगळं नंतर. धंद्याचा जो आकडा आहे, तो आधी मोजा.

“क्लाउडवर आहे, कंपनी बघते.”

कंपनी तिचं यंत्र बघते. त्या यंत्रात तुम्ही काय चालवलंय, ते ती बघत नाही. ॲमेझॉनचं उदाहरण घ्या, कारण त्यांचं मुंबईतलं केंद्र २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्याकडचे बरेच लोक तिथेच आहेत. त्यांच्या क्लाउडवॉच या मॉनिटरिंग सेवेत सीपीयू किती वापरला, नेटवर्कवरून किती डेटा गेला, हे आपोआप दिसतं. पण मेमरी किती भरली आणि डिस्कवर किती जागा उरली, हे ईसीटू, म्हणजे त्यांच्याकडून भाड्याने घेतलेल्या, सर्व्हरसाठी आपोआप दिसत नाही. त्यासाठी सर्व्हरमध्ये त्यांचा एजंट, म्हणजे आतले आकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम, स्वतः बसवावा लागतो, कारण बाहेरून त्यांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतलं दिसत नाही. आणि छोटे सर्व्हर बहुतेक वेळा नेमके या दोन कारणांनीच आडवे होतात.

आणखी एक गोष्ट स्वस्त सर्व्हर घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. ॲमेझॉनच्या टीटू या स्वस्त प्रकारच्या यंत्रांत सीपीयूचे क्रेडिट असतात. यंत्र निवांत असताना ते साठतात, काम वाढलं की खर्च होतात. संपले, की टीटू मायक्रोचा वेग एका कोअरच्या १० टक्क्यांवर येतो. वर्षभर साइट सुरळीत चालते आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात अचानक रांगू लागते, त्यामागे हे असू शकतं. टीथ्री प्रकारात वेग टिकतो, पण जादा वापराचं बिल येतं. दोन्हीकडे उरलेल्या क्रेडिटचा आलेख कंपनी दाखवते. तो बघायचा कोणी, हा प्रश्न तुमचाच राहतो.

राहिली कंपनीची सर्व्हर चालू ठेवायची हमी. समजा ती ९९.९ टक्के आहे. हिशेब केला तर तिच्यात महिन्याला सुमारे ४३ मिनिटं, वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा आहे. ९९ टक्के असेल तर वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त. हमी मोडली तर बिलात थोडी सूट मिळते. गेलेल्या ऑर्डरी त्यात धरलेल्या नसतात. आंब्याचा हंगाम जेमतेम मार्च ते मे. हे तास त्यातच आले, तर पुढचे नऊ महिने ती भरपाई होत नाही.

“साइट उघडते म्हणजे सगळं ठीक आहे.”

सगळ्यात जास्त नुकसान हा समज करतो, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा १०० जणांनी पान मागितलं. ९५ जणांना ते ०.२ सेकंदात मिळालं, ५ जणांना १२ सेकंद लागले. सरासरी येते ०.७९ सेकंद. हा आकडा बघून कोणीही म्हणेल, उत्तम चाललंय. पण ते पाच जण बहुधा टोपली भरून शेवटच्या पानावर पोचलेले असतात, कारण डेटाबेसला सगळ्यात जास्त काम तेच पान लावतं. म्हणून सरासरी बघायची नाही. ९५ आणि ९९ पर्सेंटाइल बघायचे, म्हणजे सगळ्यात हळू पान मिळालेल्या पाच टक्के आणि एक टक्का लोकांना किमान किती वेळ लागला ते.

आता हे १२ सेकंद येतात कुठून? नेहमीचा प्रकार असा. ऑर्डरच्या टेबलमध्ये मोबाइल नंबरवरून शोध घेतला जातो, पण त्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी झटपट शोधायची सोय, नाही. पहिल्या हंगामात टेबल छोटं असतं, सगळ्या ओळी वाचल्या तरी क्षणात उत्तर येतं. तिसऱ्या हंगामापर्यंत ते फुगलेलं असतं. प्रत्येक शोध पूर्ण टेबल वाचतो, आणि तोवर एक कनेक्शन अडवून ठेवतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मुळात एका वेळी १५१ कनेक्शनची मर्यादा असते, पोस्टग्रेसमध्ये १००ची. हळू क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे मागितलेले असे शोध, कनेक्शन धरून बसतात, मागून नवे लोक येत राहतात, मर्यादा भरते, आणि एका क्षणी सगळ्यांनाच ‘टू मेनी कनेक्शन्स’ दिसायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं साइट अचानक पडली. ती महिनोन् महिने पडायच्या वाटेवर होती, आणि कनेक्शनच्या आलेखात ते रोज थोडं थोडं दिसत होतं.

त्यात मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग मुळात बंदच असतो. चालू केला तरी १० सेकंदांच्या वर गेलेली क्वेरीच तो हळू मानतो. नऊ सेकंद खाणारी क्वेरी त्याच्या लेखी ठीक असते. ही मर्यादा एक सेकंदावर आणा आणि लॉग चालू करा. एवढ्याने काय काय बाहेर येतं ते बघाच.

सीपीयूच्या आकड्यावरही विसंबू नका. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू आणि ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या, डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतो. त्यामुळे दोन कोअरचा सर्व्हर, सीपीयू बराचसा रिकामा आणि लोड वीसच्या घरात, असं चित्र सहज दिसतं. फक्त सीपीयू बघणारा म्हणतो सर्व्हर मोकळा आहे, आणि तिकडे डिस्क पार दमलेली असते.

“बॅकअप आहे ना.”

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनीअरकडून मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, कामाच्या वेळी एकही नीट उपयोगी पडली नाही. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं असल्यामुळे दरवेळी अपयशी ठरत होतं. अपयशाच्या ईमेल जात होत्या, पण समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. सुमारे सहा तास आधी योगायोगाने घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, होता, म्हणून त्याआधीचा डेटा वाचला. हे सगळं त्यांनी स्वतःच उघडपणे मांडलं, याचं मला फार मोल वाटतं.

यातून घ्यायचं ते एवढंच: “फसलं तर कळव” असं सांगू नका, “झालं की कळव” असं सांगा. बॅकअप पूर्ण झाला की स्क्रिप्टने बाहेरच्या तपासनिसाला, म्हणजे दुसरीकडे चालणाऱ्या मॉनिटरिंगला, हजेरी द्यायची. ठरल्या वेळी हजेरी आली नाही, की अलर्ट. सोबत फाइलचा आकारही तपासा. काल ३०० एमबी आणि आज २ केबी असेल, तर तो बॅकअप नाही. आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून बघा.

साइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला दाखवणाऱ्या सर्टिफिकेटचंही तसंच. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटची मुदत संपत आली की पूर्वी ईमेल यायची. जून २०२५ पासून त्यांनी ती बंद केली. मुदत किती दिवस उरली, हे आता आपणच बघायचं.

“कोकणात लाईट आणि नेटच टिकत नाही.”

हा मुद्दा मॉनिटरिंगच्या विरोधात कसा काय मांडला जातो, ते मला समजत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, मे २०२१ चं तौक्ते, त्याच वर्षी २२ जुलैचा चिपळूणचा पूर. ज्यांनी हे काढलंय त्यांना “आपलं नेट गेलंय की सर्व्हर गेलाय” हा प्रश्न किती महागात पडतो ते ठाऊक आहे. कुडाळात तुमचं नेट गेलं म्हणून मुंबईतला सर्व्हर बंद पडत नाही. उलट, तुमच्या ऑफिसात सगळं हिरवं दिसत असताना बाहेरच्यांसाठी साइट बंद असू शकते. म्हणून तपासणारं यंत्र ऑफिसात ठेवायचं नाही. ते बाहेर, आणि तेही सर्व्हर ज्या कंपनीकडे आहे तिच्याहून वेगळ्या कंपनीकडे ठेवायचं. अलर्ट व्हॉट्सॲपवर असू दे, पण एसएमएसही हवा. मुसळधार पावसात डेटा गेलेला असतानाही एसएमएस पोचल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

ज्यांचा सर्व्हर इथेच, ऑफिसच्या कोपऱ्यात आहे, त्यांचं जरा वेगळं. घरगुती फायबरवर बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता बहुधा मिळत नाही, त्यामुळे बाहेरचा तपासनीस आत डोकावू शकत नाही. मग उलट करायचं, सर्व्हरनेच दर पाच मिनिटांनी बाहेर हजेरी द्यायची. यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडायचा आणि बॅटरी ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली की डेटाबेस शिस्तीत बंद करून यंत्र बंद करायचं. नट नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. आणि समुद्राजवळच्या दमट, खाऱ्या हवेत पंखे आणि कनेक्टर लवकर गंजतात, तेव्हा तापमान आणि हार्ड डिस्कचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे देते ते आकडे, नक्की घ्या. खराब झालेले सेक्टर वाढू लागले, की डिस्क बदलायची. ती पूर्ण जायची वाट बघायची नाही.

“अलर्टनी झोप जाते.”

हे खरं आहे, आणि यात चूक अलर्ट बसवणाऱ्याची असते. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या आत येतात, कारण तो रोज लावला जात नाही. डिस्क ८० टक्के भरली म्हणून रात्री दोन वाजता कोणाला उठवू नये. ८० टक्क्यांवर ती वर्षभरही राहू शकते. विचारायचं असं: गेल्या काही तासांच्या वेगाने ती कधी भरेल? प्रोमीथियस या मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये याच्यासाठी प्रेडिक्ट लिनिअर नावाचं फंक्शन आहे. चार तासांत भरणार असेल तर उठवा, चार दिवसांत भरणार असेल तर सकाळी नऊला सांगा. एखादी तपासणी एकदाच चुकली म्हणून ओरडू नये, सलग पाच-दहा मिनिटं चुकत राहिली तर ओरडावं. आणि अलर्ट आल्यावर करण्यासारखं काही नसेल, तर तो काढून टाका.

खर्चाचं म्हणाल तर प्रोमीथियस, ग्राफाना, झॅबिक्स, अपटाइम कुमा ही मॉनिटरिंगची सॉफ्टवेअर सगळी मोफत आहेत. छोट्या धंद्याला एक लहानसा सर्व्हर आणि सुरुवातीचे एक-दोन दिवस पुरतात.

मात्र प्रोमीथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. आपला धंदा हंगामी, आपल्याला यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलशी ताडून बघायचा असतो. तेव्हा बसवतानाच ही मुदत ४०० दिवसांवर न्या आणि डिस्क त्या हिशेबाने घ्या. बसवायला आंबा संपल्यानंतरचे पावसाळ्याचे दिवस चांगले: ऑर्डरी थांबलेल्या असतात, सर्व्हर शांत असतो, आणि गणपतीत चाकरमान्यांची बुकिंगं सुरू व्हायच्या आत सगळे अलर्ट एकदा मुद्दाम वाजवून बघता येतात.