तुला सही करायचीच कशाला?

एका पीडीएफवर सही करायची होती, बास, एवढंच काम. लिनक्सवर. सही करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पानावर गेलो तर एकाच प्रोग्रॅमची पाच तऱ्हेची पॅकेजेस: डेब, आरपीएम, स्नॅप, फ्लॅटपॅक, अॅपइमेज आणि खाली बारीक अक्षरात "सोर्सवरून बिल्ड करा", म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

माझं उबुंटू २२.०४, लिनक्सचाच एक अवतार, म्हणजे डिस्ट्रो. त्याचं पॅकेज डेब, म्हणून तेच घेतलं. त्याला ग्लिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) २.३८ हवं, माझ्याकडे २.३५. आणि वर एपीटी, म्हणजे उबुंटूचं पॅकेज टाकणारं टूल, मलाच सुनावतं की तुम्ही मोडकी पॅकेजेस धरून ठेवली आहेत. मी काहीही धरून ठेवलेलं नव्हतं! पाच वर्षं सपोर्टवाली सिस्टिम टाकून गुपचूप बसलेला माणूस आहे मी.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा आर्चवाला (आर्च म्हणजे सगळं स्वतः जुळवणाऱ्या हौशींचं डिस्ट्रो) खुर्ची सरकवत आला. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या स्क्रीनवर लाल एरर दिसली की त्याला आपोआप कळतं.

"कुठलं डिस्ट्रो?"

"उबुंटू."

"अच्छाऽऽ." रिपोर्ट चाळून डॉक्टर म्हणतात ना, अगदी तसं.

"डेब कशाला घेतलंस? अॅपइमेज घे. एकच फाइल, डबल क्लिक, खलास."

डबल क्लिक केलं. काही म्हणजे काहीच झालं नाही.

"अरे, एक्झिक्युटेबल कर आधी, फाइलला चालायची परवानगी दे."

केली. आता म्हणे लिबफ्यूज २ नाही, अॅपइमेज उघडायला लागणारी लायब्ररी. उबुंटूने २२.०४ पासून ते सोबत देणं बंद केलंय, कारण फ्यूज ३ आलं. मी टर्मिनलमध्ये फ्यूज टाइप करायला लागलो तर हा जवळजवळ अंगावर आला. "ए, थांब थांब! नुसतं फ्यूज टाकशील तर फ्यूज ३ निघेल आणि जाताना अर्धा डेस्कटॉप घेऊन जाईल. लिबफ्यूज२ टाक."

म्हणजे नावात एक शब्द चुकला की डेस्कटॉप गेला. ते टाकलं, तर अॅपइमेज उघडता उघडता पुन्हा तेच, ग्लिबसी जुनं. आतली गोम अशी की जुन्या ग्लिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही. म्हणून शहाणा माणूस सगळ्यात जुन्या सिस्टिमवर बांधतो. पण बांधणाऱ्यांची मशीन कायम नवीकोरी, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

"मग स्नॅप टाकू?"

तो एकदम गंभीर झाला आणि सुरूच झाला. उबुंटूने क्रोमियम ब्राउझर कसा गुपचूप आपल्याच स्नॅपमधून द्यायला घेतला, एपीटीने मागितलं तरी स्नॅपच येतं, २०२० मध्ये मिंट या दुसऱ्या डिस्ट्रोवाल्यांनी स्नॅपला दारच कसं बंद केलं, सगळं अगदी भाऊबंदकीतल्या जमिनीच्या वादासारखं तारखांसकट. मी मान डोलवत राहिलो. माझी सही तशीच.

"फ्लॅटपॅक?"

"टाक की. पण सोबत रनटाइम येईल, त्याला लागणाऱ्या लायब्ररींचं गाठोडं." आला. सॉफ्टवेअर काही एमबीचं आणि रनटाइम काहीशे एमबीचा. तो उतरत असताना यानं मान तिरकी करून विचारलं, "पण मला सांग, तुला सही करायचीच कशाला?"

यावर काय बोलणार? याच्याकडे कुठलाही प्रश्न न्या, शेवटी तो प्रश्नच रद्द होतो. आवाज येत नाही? "ऑफिसात आवाज लागतोच कशाला?"

बरं, या पॅकेजेसच्या गोंधळावर तोडगा काढायचा प्रयत्न झाला नाही असंही नाही, आणि खरा राग त्याचाच येतो. लिनक्स स्टँडर्ड बेस नावाचं सगळ्या डिस्ट्रोंसाठी एक सामाईक प्रमाण होतं, २००१ मध्ये पहिली आवृत्ती आली. त्यात पॅकेजसाठी आरपीएम ठरलं. डेबियन म्हणजे उबुंटू ज्यावरून निघालं ते डिस्ट्रो, त्यांच्याकडे डेब, मग त्यांनी एलियन नावाच्या टूलने आरपीएमचं डेब करून घ्यायचं. प्रमाण असं की मोठ्या घराण्याने भाषांतर करून वापरावं. २०१५ मध्ये डेबियनने ते जवळजवळ सोडूनच दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी खुद्द लिनस टोरवाल्ड्सने डेबियनच्या परिषदेत तक्रार केली होती की आपल्या सबसर्फेस या डायव्हिंगच्या प्रोग्रॅमच्या बायनरी, म्हणजे तयार चालणाऱ्या फाइली, विंडोज आणि मॅकसाठी देता येतात, लिनक्ससाठी देणं मात्र डोकेदुखी. ज्याने लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभाच, लिहिला त्याची ही गत. आणि "सगळीकडे चालेल" म्हणून जी पॅकेजेस निघाली तीही तीन, स्नॅप, फ्लॅटपॅक आणि अॅपइमेज, एकमेकांना न विचारता.

वर ऐकवतात, चॉइस आहे ना! अहो, तुमचं आपसात जमलं नाही त्याचं ओझं माझ्या डोक्यावर टाकून त्याला चॉइस का म्हणता? जमवायचं काम शेवटी मीच करतोय, फुकट, कामाच्या वेळात.

फ्लॅटपॅक शेवटी उघडलं. पीडीएफ होती पेनड्राइव्हवर, आणि ती त्याला दिसेना, सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रॅमला त्याच्या कुंपणाबाहेर बघायची बंदी. परवानगीची कमांड यानं पाठ म्हणून दाखवली, ती चालली, सही झाली. कृतज्ञता म्हणून विचारलं, "तू कशी करतोस रे सही?"

"मी? प्रिंट काढतो, पेनने करतो, फोनवर फोटो."

"म्हणजे तुझ्याकडे प्रिंटर चालतो?"

"नाही रे. एचआरच्या विंडोजवरून काढतो."