ऱ्योगोकुच्या सुमो सहलीबद्दल आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार.

टोकियोतील आमच्या सुमो सहलीला दोन तारे देऊन आपण जो सविस्तर अभिप्राय लिहिला आहे, तो मी शांतपणे दोनदा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे : बसायची जागा इतकी अडचणीची होती की आपल्या मातोश्रींचे गुडघे आखडले; दुपारी एकपासून अनोळखी पोरांच्या लढती पाहाव्या लागल्या; ज्या योकोझुनासाठी (सुमोतील सर्वोच्च पदाच्या मल्लासाठी) आपण आलात तो उतरलाच नाही, तरी पैसे परत मिळाले नाहीत; आणि एका मल्लाने बाजूला सरकून दोन सेकंदांत निकाल लावला, ती सरळसरळ ‘नुरा कुस्ती’ होती.

जागेबाबत आपण लिहिले आहे ते खरे आहे आणि त्यात चूक आमची आहे. कोकुगिकान या सुमोच्या सभागृहातील चौकोनी बैठक चौघांची म्हणून विकली जाते, पण ती प्रत्येक बाजूला जेमतेम सव्वा मीटर असते. बूट काढून गादीवर मांडी घालून बसायचे आणि पाय लांब करायचे तर समोरच्याच्या पाठीला लागायचे. जपानी माणसेही तिथे दर अर्ध्या तासाने कूस बदलतात. आपण नोंदणी करताना मातोश्रींचे वय कळवले होते, तेव्हाच आम्ही दुसऱ्या मजल्यावरील खुर्च्या सुचवायला हव्या होत्या.

योकोझुनाच्या गैरहजेरीबद्दल मात्र मी पैसे परत करू शकत नाही. तिकीट त्या दिवसाच्या सगळ्या लढतींचे असते, एका मल्लाचे नव्हे, हे आमच्या अटींत लिहिलेले आहे. ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या खालोखालच्या पदाचा मल्ल, लागोपाठ दोन स्पर्धांत कमी पडला तर पदावरून खाली येतो. योकोझुना कधीच खाली येत नाही, त्याला जमेनासे झाले की निवृत्तच व्हावे लागते, आणि म्हणून दुखापत घेऊन हरत राहण्यापेक्षा तो स्पर्धा सोडतो. होशोऱ्यू २०२५च्या जानेवारीत योकोझुना झाला आणि मार्चमध्ये ओसाकाला, त्या पदावरच्या पहिल्याच स्पर्धेत, १०व्या दिवशी त्याला माघार घ्यावी लागली. तरीही एक गोष्ट मान्य करतो. माघारीची बातमी आमच्या मार्गदर्शकाला सकाळीच कळली होती आणि त्याने ती दारातच सांगायला हवी होती. आपल्याला ती कळली थेट संध्याकाळी, जेव्हा लढतीऐवजी फलक दाखवला गेला आणि प्रतिस्पर्धी एकटाच चौथऱ्यावर चढून, उकिडवा बसून, विजय घेऊन उतरला. तसे कळणे कोणालाही लागले असते.

‘अनोळखी पोरांबद्दल’ थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यांच्यासाठीच आम्ही पाहुण्यांना लवकर नेतो. लढती सकाळी साडेआठच्या सुमारास, जवळजवळ रिकाम्या सभागृहात सुरू होतात. दुपारी आपण ज्यांना पाहिलेत त्यांच्या कमरेला काळी सुती मावाशी, म्हणजे मल्लाचा लंगोट, होती (हा शब्द ऐकून आपल्याकडचे पाहुणे हमखास हसतात). नंतर आलेल्यांची रंगीत रेशमी होती. हा फरक केवळ कापडाचा नाही. काळ्या मावाशीवाल्यांना मासिक वेतन नसते आणि १५ दिवसांत त्यांच्या वाट्याला ७च लढती येतात. त्यांतल्या वरच्या काही जणांना त्या दिवशी जुऱ्यो गटाचे, म्हणजे पगाराचे, दार दिसत होते. हे आपल्याला कोणी सांगितले असते तर ती पोरे तितकी अनोळखी राहिली नसती.

आता त्या लढतीकडे येतो. मी कोल्हापूरचा, खासबागेत वीस-वीस मिनिटे चाललेल्या कुस्त्या पाहत वाढलेला. त्यामुळे चार मिनिटे मीठ उधळायचे आणि दोन सेकंदांत खेळ आटोपायचा, ही आपली चीड मला परकी नाही. माझ्या पहिल्या दिवशी मीही असाच वैतागलो होतो. पण तो डाव नुरा नव्हता. नुरा कुस्ती सुमोतही झाली आहे आणि ती उघडकीस आल्यावर २०११च्या मार्चमधील संपूर्ण ओसाका स्पर्धा रद्द करण्यात आली होती. आपण पाहिलात तो डाव नियमात बसणारा आहे. समोरचा डोके खाली घालून झेपावला की बाजूला व्हायचे आणि त्याला मानेमागून खाली दाबायचे. त्याला ‘हेंका’ म्हणतात. प्रेक्षक त्यावर नाराजीचा सूर काढतात, आणि योकोझुनाने तसे केले तर त्याला धारेवर धरले जाते. पण हा मल्ल योकोझुना नव्हता. तो सर्वोच्च गटाच्या तळाशी होता, उजव्या गुडघ्याला जाड पट्ट्या होत्या, आणि स्पर्धेचा तो १३वा दिवस होता : ७ विजय, ५ पराभव. आठवा विजय मिळाला की १५ लढतींत पारडे विजयाकडे झुकते आणि गटातील जागा टिकते. न मिळाला तर खालच्या गटात घसरण. चौथऱ्यावरून उतरताना तो कोणाकडेही न पाहता लंगडत गेला. आपल्याला तो पळपुटा वाटला. मला वाटले, याने आज स्वतःचे घर वाचवले.

हा हिशेब आपल्या हातात होता. प्रवेशद्वारावर मिळालेल्या कागदावर त्या दिवसाच्या जोड्या छापलेल्या होत्या; मागच्या दिवसांच्या नोंदीत पांढरा ठिपका म्हणजे विजय, काळा म्हणजे पराभव. तो कसा वाचायचा, हे आमच्या माणसाने सांगितले नाही. त्याने आपल्याला ‘मोठ्या लढती शेवटी आहेत’ एवढेच सांगून बसवले. सुमोची स्पर्धा १५ दिवसांच्या जमाखर्चाने पाहायची असते, आणि आम्ही ती आपल्याला एका संध्याकाळचा तमाशा म्हणून विकली, ही माझ्या मते आपल्या अभिप्रायामागची खरी तक्रार आहे. यापुढे सहलीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक पाहुण्याला मराठीतून दोन पानांचे टिपण मिळेल, ज्यात कोणाचे किती विजय झाले आहेत आणि कोण आठव्याच्या उंबरठ्यावर आहे हे लिहिलेले असेल.

शाकाहाराबद्दल : कोकुगिकानची ख्याती तेथील कोंबडीच्या यकितोरीची आहे आणि चांको रश्शातही मासे-कोंबडी असतेच. शाकाहारी पाहुण्यांसाठी डबा आम्हीच बांधून देत जाऊ.

मातोश्रींच्या जागेचे पूर्ण शुल्क आपल्या ज्या खात्यातून आले होते, त्याच खात्यात या आठवड्यात परत जमा होईल. उर्वरित तीन जागांचे होणार नाही. पुन्हा टोकियोला येणे झाले तर त्यांच्यासाठी खुर्चीची जागा मी स्वतः काढून देईन.

आपला विश्वासू,
संचालक