संसद घरबसल्या, राष्ट्राध्यक्ष मात्र बंद दाराआड?

विषय निघाला इंटरनेटवरच्या मतदानाचा, म्हणजे युरोपातला एस्टोनिया देशच. सुध्या तापलाच होता.

“चौदा लाखही वस्ती नाही. 2023 च्या संसद निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं इंटरनेटवरून पडली. एका पिननं ओळख पटवायची, दुसऱ्या पिननं मतावर सही. मन बदललं तर पुन्हा मत द्या, शेवटचं धरतात. आणि राष्ट्राध्यक्षासाठी याच लोकांना मत नाही!”

“1992 ला होतं की,” अण्णा म्हणाले. “अर्नोल्ड र्‍युतेल पहिले आले, जवळपास 42 टक्के. पण निम्म्याच्या वर कुणीच गेलं नाही. मग पहिल्या दोघांतून संसदेनं निवडायचं होतं. तिनं लेनार्ट मेरींना निवडलं. ती सोय तेवढ्याच वेळेपुरती होती.”

“आताची रीत नीट बघ ना,” मीना म्हणाली. “रीगिकोगु, म्हणजे त्यांची संसद, 101 जणांची. उमेदवार उभा करायला 21 सदस्य लागतात, जिंकायला 68. हजर किती आहेत याला महत्त्व नाही, एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश हवेत. पहिल्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी नव्यानं नावं देऊन फेरी. तीही फसली तर त्याच दिवशी पहिल्या दोघांत तिसरी. सरकार 51 वर चालतं. 68 साठी विरोधकांकडे जावंच लागतं, आणि मला यातलं हेच मोलाचं वाटतं.”

“आणि तिन्ही फसल्या तर?”

“महिन्याभरात निर्वाचक मंडळ. खासदार आणि स्थानिक परिषदांचे प्रतिनिधी.”

“2016 ला तेही फसलं!”

हे खरंच. त्या वर्षी मंडळात 335 जण होते. शेवटच्या फेरीत दोनच नावं उरली: सीम कल्लास 138, अल्लार योक्स 134. पन्नासहून जास्त चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक हवेत असा नियम, आणि कोरी चिठ्ठी टाकणाराही मत देणाऱ्यांतच धरला जातो. म्हणून दोघांतला पुढचाही निवडून येईना. सगळं परत संसदेत. तिथे 3 ऑक्टोबरला केर्स्ती कल्युलाइद 81 मतांनी निवडून आल्या. आधीच्या एकाही फेरीत त्यांचं नाव नव्हतं.

“आपल्याकडे राष्ट्रपती निवडताना पसंतीक्रम असतो म्हणून हे अडत नाही,” अण्णा म्हणाले. “1969 ला व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावरच आले.”

“मग लोकांनाच विचारा ना सरळ!”

“लोकांनी निवडलेला माणूस म्हणेल, मलाही जनादेश आहे,” मीना म्हणाली. “कारभार पंतप्रधानाचा. राष्ट्राध्यक्ष कायदा परत पाठवू शकतो, पंतप्रधानपदासाठी नाव सुचवू शकतो. एवढ्या अधिकारांवर देशभर प्रचार करून तो कसली आश्वासनं देणार?”

“आणि 2021? अलार कारिस एकटेच उमेदवार. पहिल्या दिवशी 63, दुसऱ्या दिवशी 72. दुसरं नावच नाही, याला निवडणूक म्हणायचं?”

इथे मीना थांबली. दुसऱ्या कुणामागे 21 सदस्य उभे राहिले नाहीत, हे तिनं मान्य केलं. माझं मत असं, की 68 ची अट राहू द्यावी. बदलायचा तो 21 चा आकडा, आणि मंडळातल्या शेवटच्या फेरीत कोऱ्या चिठ्ठ्या मोजणीतून काढाव्यात. सुध्याला पहिलं पटलं, दुसरं नाही. कोरी चिठ्ठी हाही नकारच आहे, तो पुसायचा अधिकार कुणाला, असं त्याचं म्हणणं.