इंजिन बंद पडले म्हणून हेलिकॉप्टरचा दगड होत नाही

कोथरूडमधील ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. इंजिन बंद पडताच हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, वैमानिकाच्या हातात काहीच उरत नाही, रुग्णाला लावलेल्या ऑक्सिजनमुळे इंजिन गुदमरते, पुण्यात आणि केदारनाथला हेच घडले, आणि म्हणून डोंगरावर कोणी आजारी पडल्यास त्याला डोलीनेच खाली आणावे, असा त्याचा एकूण मजकूर आहे. केदारनाथला निघालेल्या माझ्या मामांनी तो वाचून ‘मला काही झाले तर डोलीच करा, हेलिकॉप्टरच्या कागदावर सही करू नका’ असे घरी बजावून ठेवले आहे. एरवी असल्या मजकुराला उत्तर देण्याच्या भरीस मी पडलो नसतो.

आधी दगडाचे पाहू. हेलिकॉप्टरचे इंजिन आणि वरची पाती यांच्यामध्ये फ्रीव्हील असते. पायडल मारणे थांबवले तरी उतारावर सायकलचे चाक फिरत राहते, तशी इंजिन थांबले तरी पाती त्यापासून सुटी होऊन फिरत राहतात. वैमानिक डाव्या हाताचा कलेक्टिव्ह हा दांडा तत्काळ खाली करून पात्यांचा कोन कमी करतो, हेलिकॉप्टर खाली येऊ लागते आणि खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. खाली येण्याचा वेग मिनिटाला साधारण दीड ते दोन हजार फूट, म्हणजे पोटात गोळा येण्याइतका असतो. परंतु जमिनीजवळ नाक वर उचलून पुढचा वेग मोडता येतो आणि फिरत्या पात्यांतील उरलेली ऊर्जा, कलेक्टिव्ह वर ओढून, टेकण्यापूर्वी एकदाच वापरता येते. टेकणे दणकून होऊ शकते, ज्यावर हेलिकॉप्टर टेकते त्या स्किड नावाच्या पट्ट्या वाकतात, क्वचित शेपटीचा दांडा तुटतो, आणि तरीही आतली माणसे आपल्या पायांनी बाहेर येऊ शकतात. संदेशातील ‘हार्ड लँडिंग म्हणजे दडपलेला अपघात’ या वाक्याला याहून वेगळे उत्तर नको.

एवढे मात्र मान्य करावे लागते की ही युक्ती सर्वत्र चालत नाही. हेलिकॉप्टर शे-दीडशे फुटांवर जवळजवळ स्थिर असताना इंजिन गेले, तर वेग आणि उंची यांपैकी काहीच हाताशी नसते. अरुंद दरीत सपाट जागा मिळत नाही आणि विरळ हवेत चुकीला वाव कमी उरतो.

‘वैमानिकाच्या हातात काहीच उरत नाही’ या विधानाची परीक्षा पाहायची असेल, तर २६ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात मॉस्बीजवळ पडलेल्या रुग्णवाहिका हेलिकॉप्टरचा तपास अहवाल पाहावा. एकाच इंजिनाचे एएस-३५० बी-२ हेलिकॉप्टर, आत वैमानिक, परिचारक, पॅरामेडिक आणि रुग्ण. रुग्णाला घ्यायला उतरल्यावर इंधन अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे वैमानिकाच्या लक्षात आले होते, तरी त्याने वाटेतील विमानतळापर्यंत पोहोचू असा हिशेब करून उड्डाण केले. विमानतळ सुमारे एक मैलावर असताना इंधन संपले आणि चौघेही गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने इंजिनात दोष असल्याचे म्हटलेले नाही. इंधनाची खातरजमा न करणे, उड्डाण चालू ठेवण्याचा निर्णय आणि इंजिन थांबल्यावर ऑटोरोटेशन न साधणे, ही कारणे दिली. कामावर असताना मोबाइलवर चाललेली संदेशांची देवाणघेवाण आणि थकवा यांचीही नोंद त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पूर्ण वेगात उडताना अचानक इंजिन जाण्याचा सराव वैमानिकाला पुरेसा मिळालेला नव्हता, असेही मंडळाने म्हटले. त्या वेगात कलेक्टिव्ह खाली करतानाच उजव्या हाताचा सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे झुकवणारा दांडा, मागे ओढावा लागतो आणि त्यासाठी काही क्षणच मिळतात. त्या क्षणांत काय करायचे ते शिकवता येते, म्हणून तर सरावाच्या त्रुटीवर बोट ठेवले गेले.

‘दोन इंजिनांचेच मागा’ हा संदेशातील सल्ला अर्धा खरा आहे. वजन आणि उंची आटोक्यात असल्यास एका इंजिनावर उडत राहता येते, हे खरे. परंतु नोव्हेंबर २०१३ मध्ये ग्लासगो येथे पोलिसांचे दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर एका पबच्या छपरावर कोसळून १० जण मृत्युमुखी पडले, तेव्हा मुख्य टाकीत इंधन शिल्लक होते. ते पुढे ढकलणारे पंप बंद असल्यामुळे दोन्ही इंजिने एकामागोमाग थांबली.

ऑक्सिजनचा मुद्दा वाचून हसावे की रडावे हे कळेना. इंजिन बाहेरची हवा घेते, रुग्णाचा सिलिंडर केबिनमध्ये असतो आणि नळी त्याच्या नाकाशी जाते. आगीची भीती घातली असती तर मी गप्प बसलो असतो, कारण कोलोरॅडोतील फ्रिस्को येथे २०१५ मध्ये पडलेल्या रुग्णवाहिका हेलिकॉप्टरला लागलीच आग लागली होती. आपटल्यावर फुटणाऱ्या इंधन टाक्यांची ही अडचण खरी असल्यामुळेच अमेरिकेने २०१८ च्या कायद्यात नव्याने बनणाऱ्या हेलिकॉप्टरांसाठी आघात सोसणाऱ्या इंधन टाक्या सक्तीच्या केल्या.

पुण्याची उदाहरणे तर सरळ दिशाभूल करणारी आहेत. पौडजवळ २४ ऑगस्ट २०२४ रोजी पडलेले हेलिकॉप्टर रुग्णवाहिका नव्हते, पाऊस होता आणि चौघेही वाचले. बावधनला २ ऑक्टोबरला तिघे गेले ते धुक्यात, उड्डाणानंतर लगेच. त्यातही रुग्ण नव्हता. केदारनाथला १७ मे २०२५ रोजी ऋषिकेशच्या एम्सची हेली-रुग्णवाहिका दणकून उतरली, शेपूट तुटली, आणि आतील वैमानिक, डॉक्टर व परिचर्या कर्मचारी तिघेही सुखरूप राहिले. संदेशात तिथे ‘रुग्ण दगावला’ असे लिहिले आहे. ती रुग्णाला आणायला निघाली होती, रुग्ण आत नव्हताच. त्याच हंगामात, १५ जूनला, गौरीकुंडजवळ यात्रेकरूंचे हेलिकॉप्टर पडून सात जण गेले, हे मी नाकारत नाही. त्या दऱ्यांत ढग उतरल्यावर उडू नये, एवढे त्यावरून नक्कीच म्हणता येईल.

राहिली डोली. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे आणि गौरीकुंडपर्यंतची पायवाट सोळा किलोमीटरच्या आसपास. विरळ हवेमुळे फुप्फुसांत पाणी झाले, तर ऑक्सिजन देणे आणि रुग्णाला लवकरात लवकर खालच्या उंचीवर आणणे हाच मुख्य उपचार असतो. हृदयविकाराच्या झटक्यात तर रक्तवाहिनी उघडण्याची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंतचा प्रत्येक तास मोजला जातो. डोलीला उतरायला कित्येक तास लागतात, थंडी अंगावर येते आणि वाटेत श्वास थांबला तर डोलीवाल्यांच्या हातात काही नसते. ढग असताना डोली नाइलाजाने करावी लागते. पण आकाश मोकळे आहे, वैमानिक उडायला तयार आहे आणि डॉक्टर सोबत आहे, अशा वेळीही डोलीच करा असे मामांसारख्या सत्तरीतल्या माणसाला सांगणाऱ्याने, त्या सोळा किलोमीटरांत ऑक्सिजनचे किती सिलिंडर लागतील याचा हिशेबही सोबत पाठवायला हवा होता.