पेजेचा पहिला घोट

माझ्या मोठ्या भावाचा मानसिक आजार बळावतो तेव्हा कोणीही वाढलेल्या ताटाला तो हात लावत नाही. अन्नात विष कालवले आहे, अशी त्याची त्या दिवसांत खात्री झालेली असते. देवगडच्या घरी आई उकड्या तांदळाच्या पेजेचा पहिला घोट त्याच्यासमोर स्वतः घेते आणि मग वाटी त्याच्यापुढे सरकवते. घाटावरच्या एका रुग्णालयात त्याला बंद वॉर्डात दाखल केले, तेव्हा माझी सही घेतली गेली, पण ही गोष्ट कोणी विचारली नाही. तीन दिवस तो जेवला नाही. चौथ्या दिवशी एका परिचारिकेने आईला फोन करून विचारले आणि त्याच संध्याकाळी त्याच्यासमोर बसून पहिला घास स्वतः खाल्ला. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

बंद वॉर्ड कधी कधी लागतोच, हे आम्ही नाकारत नाही. परंतु घरच्यांचे ज्ञान हा उपचाराचाच भाग आहे आणि ते दाखल करण्याच्या दिवसापासून घेतले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 यानेही वाट दाखवलेली आहे. रुग्णाला एकटे कोंडून ठेवायला कलम 97 ची मनाईच आहे आणि त्याला बांधून ठेवावे लागले, तर त्याच कलमानुसार 24 तासांच्या आत त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणाऱ्या व्यक्तीला, कळवावे लागते; घरी सोडण्यापूर्वी, तो ज्यांच्याकडे राहणार आहे त्यांच्याशी सल्लामसलत करावी, असे कलम 98 सांगते. आम्हाला मात्र गोळ्यांची पिशवी आणि पुढची तारीख एवढेच मिळाले.

कोकणात ही अडचण अधिक टोचते. मुले मुंबईला, घरी म्हातारी माणसे, भेटीसाठी एसटीचा अख्खा दिवस आणि बुडालेली मजुरी. अशा घरांसाठी आठवड्यातून एक ठरलेला फोनही मोठा आधार ठरेल. शिवाय अनेक जण आधी देवस्की, म्हणजे देवा-भुतांचे उपाय, करून मग डॉक्टरांकडे येतात आणि रागावतील म्हणून ते लपवतात. न रागावता विचारले, तर आजार नेमका कधी सुरू झाला हे तिथेच कळते.

प्रत्येक घर विश्वासाचे नसते, हेही मान्य केले पाहिजे. भाऊबंदकीत, सातबाऱ्यावरच्या नावासाठी, माणूस आत राहिलेलाच बरा वाटणारे नातेवाईक असतात. म्हणूनच आपला प्रतिनिधी कोण, हे निवडण्याचा अधिकार कलम 14 ने रुग्णाला दिला आहे आणि तो नातेवाईकच असावा, अशी अट नाही.

यंदा भावाची तब्येत चांगली असताना, आईने सांगितले तसे मी सगळे एका कागदावर उतरवले: पेजेची रीत, आजारापूर्वी उडणारी झोप, पहाटे खाडीकडे निघून जाणे. तो कागद भावाला वाचायला दिला. त्याने दोन ओळी खोडल्या आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक लिहिली: ‘रात्री खोलीतला दिवा विझवू नये.’