रिकाम्या खुर्च्यांचा तो फोटो: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार. साठी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे वेगळं लिहितेय. ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. ड्रम कोअर म्हणजे ब्रास (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं), तालवाद्यं आणि कलर गार्ड (झेंडे वगैरे फिरवत नाचणारी मुलं) असलेली २१ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची पथकं. उन्हाळाभर ती बसने अमेरिका पालथी घालतात आणि ऑगस्टमध्ये ड्रम कोअर्स इंटरनॅशनलच्या, म्हणजे डीसीआयच्या, अंतिम स्पर्धेला जमतात. मी लिहिलं होतं की या स्पर्धेचा प्रेक्षक आटलेला नाही. त्यावर काकांनी एक फोटो जोडला आणि लिहिलं, "डोळे उघडून बघा, अर्ध्याहून जास्त स्टेडियम रिकामं आहे. तुम्ही दिलेली संख्या तीन दिवसांची बेरीज आहे, आमच्या काळातली एका रात्रीची होती. १९८७ साली मॅडिसनला मी स्वतः होतो. तो प्रेक्षक आता राहिला नाही. आपल्या पुण्यातल्या पथकांना लाखो लोक बघतात, यांना तिकीट काढूनही कोणी येत नाही."

बेरजेबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. चूक माझी आहे. गुरुवारची प्राथमिक फेरी, शुक्रवारची उपांत्य आणि शनिवारची अंतिम, या तिन्हींची गर्दी एकत्र धरलेला आकडा मी जुन्या एका रात्रीच्या आकड्याशेजारी ठेवला. तिन्ही दिवस येणारा माणूस त्यात तीनदा मोजला जातो. मी आणि माझी लेक गेली काही वर्षं तिन्ही दिवस जातो, म्हणजे आम्ही दोघी त्या बेरजेत सहा माणसं झालो. शिवाय विकलेली तिकिटं आणि दारातून आत आलेली माणसं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, तेही मी नीट सांगितलं नव्हतं. ती तुलना मी लेखातून काढून टाकली आहे. बारकाईने वाचून सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

फोटोबद्दल मात्र माझं तुमच्याशी जमत नाही.

फोटोतल्या मैदानावरची मुलं मी मोठं करून मोजली. फार तर साठ-सत्तर भरतात. शनिवारी अंतिम फेरीत बाराच कोअर असतात आणि त्यांच्यात हल्ली दीडशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त मुलं असतात. साठ-सत्तर मुलांचं कोअर म्हणजे ओपन क्लासमधलं, छोट्या पथकांच्या गटातलं. ही पथकं आधी इंडियानातल्याच मॅरियन गावात आपली स्पर्धा करतात आणि मग गुरुवारी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये दिवसाच्या सुरुवातीला वाजवतात. त्या वेळी आत असतात आईवडील, आजीआजोबा आणि माझ्यासारखे थोडे वेडे. म्हणजे तुमचा फोटो गुरुवार सकाळचा आहे. तोही मागच्या बाजूच्या खुर्च्या समोर येतील अशा जागेवरून काढलेला.

त्या मागच्या खुर्च्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ड्रम कोअरची गर्दी मोजताना सगळ्यांची गफलत तिथेच होते. फुटबॉल चारी बाजूंनी बघता येतो. ड्रम कोअर एकाच बाजूने बघायची कला आहे. ट्रंपेट, मेलोफोन, ट्यूबा या सगळ्यांची तोंडं महत्त्वाच्या क्षणी समोरच्या प्रेक्षकांकडे वळतात. परीक्षकांतले बरेचसे समोरच्या बाजूला उंचावर बसलेले असतात आणि सगळी रचना त्यांच्या नजरेसाठी बांधलेली असते. मागे बसलेल्याला मुलांच्या पाठी दिसतात, प्रॉप्सच्या मागच्या फळ्या दिसतात आणि ऐकू येतो तो छतावर आपटून परत आलेला आवाज. शिवाजी मंदिरात रंगमंचाच्या मागे खुर्च्या मांडून कोणी तिकीट विकत नाही. लुकास ऑइलमध्ये फुटबॉलला सुमारे ६३ हजार माणसं बसतात. त्यातली मागची बाजू वगळा, दोन्ही टोकांच्या, तिरकं दिसणाऱ्या जागा वगळा, मग उरलेल्या जागांपैकी किती भरल्या ते विचारा. खरा प्रश्न तेवढाच आहे.

आणि तुम्ही मॅडिसनला होतात, म्हणून विचारते. ती स्पर्धा झाली ते तिथलं कॅम्प रँडल स्टेडियम तर याहूनही मोठं. १९८७ च्या त्या रात्री मागची बाजू भरली होती का? जुन्या चित्रफितींत कॅमेरा बहुतेक वेळ समोरच्या बाजूला, उंचावर असतो. आपल्याला मैदान दिसतं आणि गर्दी ऐकू येते. ऐकू आलेली गर्दी आठवणीत वाढत जाते.

स्टेडियम केवढं, यावरही चित्र ठरतं. १९७२ ला पहिली स्पर्धा झाली ती विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला, एका कॉलेजच्या मैदानावर. अनाहाइम किंग्समेन हे कोअर जिंकलं. पुढे हीच स्पर्धा डेन्व्हर, बर्मिंगहॅम, मॉन्ट्रियल, मायामी, कॅन्सस सिटी अशी फिरली आणि २००७ ला थेट पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये गेली. तिथे नव्वद हजारांच्या जवळपास माणसं मावतात. त्या वाडग्यात कुठल्याही ड्रम कोअरची गर्दी विरळच दिसणार. उलट पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला डीसीआयची पूर्वेकडची स्पर्धा शाळकरी फुटबॉलच्या मैदानावर होते. मी एकदा गेले होते. लोखंडी बाकांवर मांडीला मांडी लावून माणसं बसली होती आणि माझ्या पुढच्या बाकावरच्या आजींच्या मांडीवर १९७० च्या दशकातली जीर्ण झालेली कार्यक्रमपत्रिका होती. तिथला फोटो टाकला असता तर तुम्ही म्हणाला असता, काय ही गर्दी! आणि तरीही इंडियानापोलिसच्या शनिवारपेक्षा तिथे माणसं कमीच होती.

आता २००८ पासूनचं बघू. त्या वर्षी स्पर्धा इंडियानापोलिसला व्हायची होती, पण लुकास ऑइल वेळेत तयार झालं नाही म्हणून ती इंडियानातल्याच ब्लूमिंग्टनला, उघड्या मैदानावर झाली. फँटम रेजिमेंट या कोअरने अवघ्या ०.०२५ गुणांनी बाजी मारली ती तीच. २००९ पासून मात्र स्पर्धेने इंडियानापोलिसला बस्तान बसवलं. २०२० ला साथीमुळे काहीच झालं नाही, २०२१ ला गुणांशिवाय नुसतं सादरीकरण झालं, बाकी दर ऑगस्टात मुक्काम तिथेच. याचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही मी जवळून बघितलेत. एक म्हणजे पाऊस, वीज, ऊन यांची भीती गेली, आणि लोक आधीपासून हॉटेल राखून ठेवू लागले. दरवर्षी तीच कुटुंबं त्याच भागात भेटतात. आमच्या शेजारी बसणाऱ्या ओहायोच्या जोडप्याला आता लेकीच्या परीक्षेचे निकालही माहीत असतात. दुसरा परिणाम तोट्याचा आहे. स्पर्धा फिरती होती तेव्हा त्या त्या शहरातली, कधी ड्रम कोअर न पाहिलेली माणसं सहज म्हणून यायची. तुम्हीच लिहिलंय की वसतिगृहातल्या मित्राने ओढून नेलं म्हणून तुम्ही गेलात. असा ओढून नेलेला माणूस आता कॅलिफोर्नियात किंवा बॉस्टनमध्ये अंतिम फेरीला पोचू शकत नाही. प्रेक्षकसंख्या स्थिर राहिली, पण ती वर्तुळात फिरत राहिली, असं माझं मत आहे. बंद छताखालचा घुमणारा आवाज हीदेखील खरी अडचण आहे. पहिल्या वर्षी मी खालच्या जागा घेतल्या आणि पस्तावले. तेव्हापासून पन्नास यार्डांच्या रेषेसमोर, म्हणजे मैदानाच्या बरोबर मध्यासमोर, वरच्या मजल्यावर. तिथून मैदानावरची नक्षी उलगडताना दिसते. म्हणून या स्पर्धेत वरच्या, मधल्या जागांना इतका भाव असतो.

शनिवारची एक रात्र सांगते, फोटोला उत्तर म्हणून. २०२५ ची अंतिम फेरी. समोरची बाजू मैदानाच्या एका टोकाच्या गोल लाइनपासून दुसऱ्या टोकाच्या गोल लाइनपर्यंत भरलेली, कोपऱ्यांत पातळ झालेली, मागची ओस. बाराही कोअर मैदानात उभे, गुण खालून वर जाहीर होत होते. शेवटी दोनच नावं उरली. दुसऱ्या क्रमांकाचं नाव उच्चारलं गेलं आणि त्या क्षणी सगळ्यांना कळलं की बॉस्टन क्रुसेडर्स जिंकले. १९४० सालचं कोअर, आणि डीसीआयचं हे पहिलंच विजेतेपद. आमच्या दोन रांगा खाली लाल जाकिटातले एक आजोबा होते. ते उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तसेच बसून राहिले. त्यांच्या नातीच्या वयाच्या तीन अनोळखी मुली, दुसऱ्याच कोअरची जाकिटं घातलेल्या, त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. हा प्रेक्षक राहिला नाही असं मला कोणी सांगू नये.

पण काका, तुमच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि तिला मी मागच्या लेखात हातच घातला नव्हता. तो प्रेक्षक बदलला आहे. तुमच्या काळातले, आणि त्याच्याही आधीचे प्रेक्षक गल्लीतले होते. माजी सैनिकांच्या संघटनांच्या स्थानिक शाखा, चर्चचे पॅरिश, बॉय स्काउट्स यांनी कोअर चालवले होते. बिगुल संस्थेचा, गणवेश संस्थेचा, मूल शेजारचं. त्याला बघायला अख्खा मोहल्ला यायचा. तेव्हा देशभर असे शेकडो कोअर होते, आज काही डझन उरलेत. आता मुलं ऑडिशन देऊन चार राज्यं ओलांडून कोअरमध्ये जातात, उन्हाळ्यासाठी हजारो डॉलर भरतात, आणि ज्या गावाचं नाव कोअरला आहे त्या गावातली त्यात मोजकीच असतात. आजचा प्रेक्षक आला आहे शाळांच्या मार्चिंग बँडमधून. माझ्या लेकीसारखी मेलोफोन वाजवणारी मुलं, त्यांचे शिक्षक, त्यांचे पालक. इंडियाना आणि टेक्सासमध्ये ही शाळकरी बँडची चळवळ जोरात आहे, म्हणून स्पर्धेच्या आठवड्यात तिथल्या शाळांचे टीशर्ट जागोजागी दिसतात.

म्हणून मला अंतिम फेरीच्या खुर्च्यांची काळजी नाही, छोट्या गावांतल्या कार्यक्रमांची आहे. कोअर कमी, तर जुलैतल्या मंगळवारी एखाद्या शाळेच्या मैदानावर होणारे कार्यक्रमही कमी. पहिल्यांदा बघणारा माणूस तिथेच घडतो. तुम्ही १९८७ ला ज्यांना जिंकताना पाहिलंत ते गारफिल्ड कॅडेट्स. १९३४ ला न्यू जर्सीत सुरू झालेलं, डीसीआयची दहा विजेतेपदं मिळवलेलं कोअर. २०२४ ला ते बंद झालं. सँटा क्लारा व्हॅनगार्डसारख्या दिग्गजाला २०२३ चा हंगाम सोडावा लागला होता. ते परत आले, कॅडेट्स आले नाहीत. खुर्च्या मोजताना ही यादी शेजारी ठेवायला हवी, आणि मी ती ठेवली नव्हती.

पडद्याचंही घ्या. १९७० च्या दशकात अंतिम फेरी सार्वजनिक दूरचित्रवाणीवर थेट दिसायची. पुढे चित्रपटगृहांत दाखवू लागले, आता वर्गणी भरून घरी फोनवर दिसते. माझ्या ओळखीतले तिघं-चौघं असे आहेत की जे दर शनिवारी स्ट्रीम लावतात पण स्टेडियमला एकदाही आलेले नाहीत. त्यांना कुठे धरायचं? दारावरच्या मोजणीत ते नाहीत आणि रसिकांतून त्यांना वगळणं मला पटत नाही.

पुण्याच्या पथकांशी केलेली तुलना मला नाही पटली. मी स्वतः तीन वर्षं पथकात ढोल वाजवलाय, लक्ष्मी रोडवरची गर्दी मला ठाऊक आहे. ती गर्दी गणपतीची असते, रस्ता सगळ्यांचा असतो, तिकीट नसतं. ऑगस्टच्या गुरुवारी सुट्टी टाकून, विमानाचं भाडं आणि हॉटेलचं बिल भरून अकरा मिनिटांच्या एका सादरीकरणासाठी येणाऱ्या माणसाशी तिची तुलना करून दोघांवरही अन्याय होतो. साम्य मला एकाच ठिकाणी दिसलं. स्टेडियमबाहेरच्या वाहनतळावर एक स्नेअर ड्रम वाजवणारा मुलगा बोटांवरची चिकटपट्टी सोलून नवी गुंडाळत होता. तर्जनीच्या आतल्या बाजूचा फोड फुटून पुन्हा धरलेला होता. माझ्या बोटाला ताशाच्या काडीने नाही, पण ढोलाच्या टिपरूने अगदी तिथेच घट्टा पडला होता. तो अजून आहे.

तर लेखात तीन दुरुस्त्या केल्या आहेत. बेरीज काढली, फोटोबद्दलची नोंद टाकली, आणि बंद पडलेल्या कोअरबद्दल एक परिच्छेद वाढवला. एक विनंती आहे. १९८७ च्या तिकिटाचा तुकडा अजून पाकिटात जपून ठेवल्याचं तुम्ही लिहिलंय. त्याचा फोटो काढून पाठवाल का? तुम्ही कुठल्या भागात, कितव्या रांगेत बसला होतात आणि तेव्हा त्या जागेचे किती पैसे पडले होते, ते मला बघायचंय.